लाखेवरचा अंगठा

९ एप्रिल १९५१

ही वही नाशिकला घेतली तेव्हा थंडीचे दिवस होते. आता पाडवा होऊन गेला, आणि वहीत आहे काय, तर एका बैलाचं चित्र आणि सायकल दुरुस्तीवाल्याचा पत्ता. रोज ठरवायचो, आज लिहू. मग दाराशी कोणी हाक मारली की उठायचो, आणि उठलो की गेलोच. माझं सगळं असंच. सातवीची परीक्षा अशीच राहिली. तंबूतल्या नाटक मंडळीत पडदे ओढायचो, ते अर्ध्यावर सोडलं. जमीन मोजणाऱ्यांची साखळी ओढत या डोंगरात आलो आणि तापाने पडलो, तर ते लोक पुढे निघून गेले. इथल्या कंपाउंडरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. जुना शिपाई रजेवर गेला तो आलाच नाही, त्याची टोपी माझ्या डोक्यावर आली.

आज मात्र लिहितो. आज मेलेला माणूस फार जवळून पाहिला.

जिव्या त्याचं नाव. सूर्यमाळच्या अलीकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा असेल. ठेकेदाराकडे जंगलतोडीला होता. काल दुपारी कामावरून पोट धरून घरी आला, ओकला, आज सकाळी गेला. पाड्यावरच्या लोकांनी त्याला झोळीत घालून आणलं. पाठोपाठ ठेकेदाराचा मुकादम आला. त्याने फौजदारांना सांगितलं की जिव्या दारू पिऊन मेला, आणि दारू पाजली त्याच्या बहिणीने. हे सांगताना तो सारखा बूट जमिनीवर घासत होता, चिखल नसताना. बूट चांगले आहेत, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले.

बहीण म्हणजे कोंडी. नवरा नाही, सुकरी नावाची एक लहान मुलगी आहे. होळीच्या आधी दारूबंदीवाल्यांनी तिच्या घरी मोहाची दारू पकडली होती. तो डेरा अजून चौकीच्या कोपऱ्यात मुद्देमाल म्हणून ठेवला आहे, तोंडाला फडकं बांधून. त्यामुळे मुकादमाचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं.

कोंडी रडत नव्हती. फौजदारांसमोर उकिडवी बसून तेच तेच सांगत होती, "माझे घरात थेंब नाय, साहेब. भट्टी फोडली तवापासून थेंब नाय. भाऊस माझा हाय. त्याचा पोट बघा ना."

फौजदार म्हणाले, बघणारच आहोत. आता राजाचं राज्य नाही, सरकारचं आहे. नवा नियम आला आहे, संशयाचं मरण असेल तर आतले अवयव मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचे. दारू निघाली तर कोंडी तुरुंगात. नाही निघाली तर ती सुटली, आणि मग जिव्या कशाने मेला ते पुन्हा बघावं लागेल.

पाड्यावरची माणसं म्हणत होती की भगताला विचारू, तो सुपात तांदूळ टाकून सांगतो. मी कोंडीला बाजूला घेऊन सांगितलं की भगताच्या नादी लागू नकोस, मुंबईला यंत्रं आहेत, यंत्राला ना मुकादमाची भीती ना फौजदाराची. तिने मला नीट पाहून घेतलं आणि भगताला नको म्हणाली. मला बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं पुष्कळ दिवसांनी वाटलं.

१० एप्रिल

जव्हारहून डॉक्टर जीपने आले. त्यांना उजेडात परत पोचायचं होतं, म्हणून सगळं घाईने झालं. कापायचं काम भिकाने केलं. भिका इथला झाडूवाला, संस्थान होतं तेव्हापासूनचा. मी दाराशी उभा राहिलो आणि बाहेरच्या आंब्यावर एक तांबट टुकटुक करत होता त्याच्याकडे बघत राहिलो. तरी काही काही दिसलंच. जिव्याच्या बरगडीखाली एक काळानिळा डाग होता, बाहेरून अर्धगोल. आत रक्त साचलं होतं, भिका म्हणाला, घमेलंभर. डॉक्टर म्हणाले, पिऊन पडला असेल कुठे दगडावर, मरणाचं कारण मुंबईचा रिपोर्ट आल्यावर लिहू.

आमचा दवाखाना आणि चौकी एकाच इमारतीत आहेत. पूर्वी इथे राजाचे घोडे बांधायचे. मधे अर्धी भिंत, तिच्यावरून चहाचा कप पलीकडे देता येतो.

डॉक्टर गेल्यावर बरणी भरायची वेळ आली. कंपाउंडरांनी मुंबईचं छापील परिपत्रक माझ्या हातात दिलं, वाच म्हणाले. मी वाचलं, की अवयव मिठाच्या दाट पाण्यात अगर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावेत. खाली आणखी होतं, पण कंपाउंडर म्हणाले, बास, कळलं, आणि बाहेर बोहाड्याची, मुखवटे घालून रात्रभर नाचायच्या उत्सवाची, सोंगं घेऊन लोक खोडाळ्याकडे चालले होते, मी ते पाहायला धावलो. रावणाचा मुखवटा एका बैलगाडीत आडवा ठेवला होता, आभाळाकडे बघत.

परत आलो तर कंपाउंडर स्पिरिटची बाटली हलवून बघत होते. तळाशी थोडंसं. त्यांना थंडी बाधते, संध्याकाळी ते स्पिरिटने अंग चोळतात. एप्रिलातसुद्धा चोळावं लागतं बिचाऱ्यांना, आणि वास इतका पसरतो की तोंडालाही येतो. मी म्हणालो, बाजारातून मीठ आणतो. ते म्हणाले, बाजाराच्या मिठात निम्मी माती, मुंबईवाले हसतील. मग त्यांनी अर्ध्या भिंतीवरून वाकून पाहिलं. हवालदार जेवायला गेला होता.

"पुंजा, स्पिरिट म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, औषध.

"दारू. गाळलेली दारू. आणि ही पलीकडची काय आहे? तीपण गाळलेलीच. मोठ्या गावची आणि लहान गावची, एवढाच फरक."

कोंडीच्या डेऱ्यातून बरणी गळ्यापर्यंत भरली. डेऱ्यात वरून पाणी ओतून फडकं पुन्हा होतं तसं बांधलं. मला गंमत वाटली. माणूस शिकला की असा मार्ग काढतो. शिवाय ज्या पाण्यात अवयव ठेवले त्याचा नमुना वेगळा पाठवायचा असतो, म्हणून क्विनीनच्या एका रिकाम्या बाटलीत तीच दारू भरली, बूच मारलं, वर लाख ओतून दवाखान्याचा शिक्का दाबला. बरणीची पेटी तोवर फौजदारांनी खिळे मारून बंद केली होती, म्हणून ही बाटली माझ्या पिशवीत आली.

हवालदाराचा पाय सुजला आहे. त्यामुळे पेटी घेऊन मुंबईला मीच जाणार. पास परवा हातात पडेल, मग निघायचं. भिका कसाऱ्यापर्यंत पेटी डोक्यावर घेईल.

पेटी चौकीत ठेवायला नेताना कोंडी वाटेत उभी होती. पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. मी म्हणालो, काळजी करू नको. ती म्हणाली, "दादा, नीट घेऊन जा हां. त्यात भाऊस हाय माझा."

१४ एप्रिल, कसारा स्टेशन

गाडीला वेळ आहे म्हणून लिहितो. पेटी शेजारी आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून भिकाने भोवती राखेची रेघ काढली.

वाटेत एक दिवस गेला. खरं तर जायला नको होता. खोडाळ्याच्या पुढे बोहाडा चालू होता, मी म्हणालो थोडा वेळ पाहू, आणि तिथेच राहिलो. सोंगं अशी की नाटक मंडळीतली आमची सगळी नटमंडळी पाणी भरतील. एक सोंग नाचत अगदी अंगावर आलं, त्याच्यापुढचा टेंभा माझ्या पिशवीला चाटून गेला. थोड्या वेळाने आजूबाजूचे लोक नाकं वर करून हुंगायला लागले. बाटलीची लाख वितळून बूच सैल झालं होतं आणि मोहाचा वास सुटला होता. एक म्हातारी म्हणाली, सरकारच्या पिशवीतपण मोहच का रं बाबा? सगळे हसले. मीही हसलो.

सकाळी मात्र हसू गेलं. घाट उतरायच्या आधी एक गुराखी भेटला, तो म्हणाला की पुढे नाक्यावर दारूबंदीचे शिपाई बसलेत, पिशव्या हुंगतात. माझ्याजवळ पास पेटीचा, बाटलीचा नाही. लाखेवरचा शिक्का पुसून गेलेला. मी काय सांगणार, की ही दारू सरकारी आहे? कोण ऐकणार? एकदा धरलं की जामीन द्यायला माझं कोण आहे इथे? मी भिकाला म्हणालो, ओतून टाकतो.

भिका म्हणाला, "जमिनीला कशाला पाजतोस? तिला काय समजतंय?"

त्यानेच पिऊन टाकली. म्हणाला, कोंडीच्या हातची आहे, ओळखू येते. मग रिकामी बाटली न्यायची कशी, म्हणून आटलेल्या ओढ्यात एक डबकं होतं त्यात ती बुडवून भरली. पाणी स्वच्छ दिसत होतं. काडी पेटवून लाख पुन्हा मऊ केली आणि बूच दाबलं. शिक्का तर जवळ नव्हता, अंगठ्यानेच दाबलं. असं पोळलं की डोळ्यांतून पाणी आलं. भिकाने तंबाखू चघळून त्यावर लावली.

नाक्यावर शिपायाने पिशवी हुंगली, बाटली हलवली आणि सोडलं. कशी युक्ती केली! कंपाउंडरांना सांगितली पाहिजे. नको, सांगायला नको, बोहाड्याचं विचारतील.

एवढंसं पाणी. बरणीत तर सगळं आहे.

१९ एप्रिल

परत आलो. प्रयोगशाळेत एक लांब खोली आहे, तिथे मुलुखभरच्या बरण्या रांगेने उभ्या. जिव्याची बरणी त्यांत ठेवली तेव्हा मला उगीचच त्याचा अभिमान वाटला. पाड्यावरून कधी न हललेला माणूस मुंबईला पोचला. एक म्हातारे साहेब खिडकीशी बसून कुठल्याशा बाटलीची लाख भिंगातून पाहत होते. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, लेकराच्या कानात बघावं तसं. मी पुष्कळ वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. मग कारकुनाने पावती दिली. अंगठा देतोस का, म्हणाला. मी म्हणालो, अंगठा नाही, सही करतो. झोकात केली.

६ मे

रिपोर्ट येईपर्यंत कोंडीला रोज चौकीवर हजेरी द्यायची आहे. पाड्यावरून चालत येते, फौजदार येईपर्यंत दवाखान्याच्या आंब्याखाली बसते. सुकरीला मावशीकडे ठेवलं आहे. मोहाची फुलं वेचायचे दिवस असेच गेले तिचे. आता करवंदं आणते पानात, मला देते.

आज विचारत होती, की यंत्र कसं सांगतं. मला तरी कुठे ठाऊक? पण मी सांगितलं, की काचेच्या नळ्या असतात, खाली दिवा लावतात, पोटात जे असेल ते वाफ होऊन वर येतं आणि वेगळं दिसतं. दारू असेल तर दारू, नसेल तर नाही. यंत्र चुकत नाही.

"मंग तो लाथेचा पण सांगंल?"

मी विचारलं, कसली लाथ? ती इकडेतिकडे बघून म्हणाली, की जिव्या मजुरीवरून बोलला म्हणून मुकादमाने लाथ घातली, हे जिव्यानेच मरायच्या आधी सांगितलं. बाकीचे मजूर तोंड उघडणार नाहीत, त्यांना काम पाहिजे. मी म्हणालो, पहिल्यांदा दारू नाही हे निघू दे. मग सगळं ओघानं येईल.

तिने मान हलवली. हल्ली ती पाड्यावर सांगते म्हणे, की पुंजादादा स्वतः यंत्र बघून आला.

अंगठ्याचा फोड बसला.

१२ जून

रिपोर्ट आला.

फौजदारांनी मोठ्याने वाचला. पोटात, काळजात, गुर्द्यात, सगळीकडे मद्य. भरपूर. सोबत पाठवलेल्या नमुन्यात काही नाही, साधं पाणी.

मला राग आला. इतका, की मी मलाच ओळखू आलो नाही. कोंडी आंब्याखाली इरलं पुढ्यात ठेवून बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन म्हणालो, तू मला खोटं सांगितलंस. मी सगळ्यांना सांगत फिरलो आणि तू खोटं सांगितलंस. ती उभी राहिली, मग पुन्हा बसली. म्हणाली, "नाय रं दादा." नंतर हळूच विचारलं, "यंत्र चुकत नाय ना?"

मी म्हणालो, नाही.

"मंग कुठंशी पडली असंल त्याचे पोटात. मलाच ठाव नाय." आणि मग, "जुना डबा होता एक. धुवून त्याला पाणी दिला मी. त्यात ऱ्हायली असंल का?"

मी निघून आलो. मुकादमाने संध्याकाळी चौकीत पेढे वाटले, मुलगा झाला म्हणून. मी एक खाल्ला.

१४ जून

काल लिहिलं नाही. लिहिता येईना.

काल सकाळी कंपाउंडर अंगाला स्पिरिट चोळत होते, म्हणजे पीत होते, आता मी तसंच लिहीन, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नमुन्यात साधं पाणी कसं रे निघालं?"

मी म्हणालो, मला काय ठाऊक.

"छान झालं," ते म्हणाले. "दारू निघाली असती तर त्यांनी विचारलं असतं की अवयव दारूत का ठेवले. देव पावला."

त्यांनी हे सहज म्हटलं आणि पेला धुवायला गेले. मग मी खुंटीवरचं परिपत्रक काढलं आणि त्या दिवशी जिथे थांबलो होतो तिथून पुढे वाचलं. दारूचा संशय असल्यास स्पिरिट वापरू नये, मीठच वापरावे. आणि नमुना अवश्य पाठवावा, म्हणजे बाहेरून घातलेली वस्तू मृताच्या पोटातली समजली जाणार नाही.

बोट ठेवून पुन्हा वाचलं, लहान मूल वाचतं तसं.

जिव्याच्या पोटात दारू नव्हती. ती आम्ही घातली. ती कोंडीचीच होती. आणि हे ओरडून सांगणारी जी एवढीशी बाटली होती ती मी पिशवीतून काढून भिकाला पाजली.

नाक्यावर धरलं असतं तर? धरलं असतं तर फार तर काय झालं असतं?

१७ जून

सांगितलं. पहिल्यांदा कंपाउंडरांना. ते आधी हसले, मग दार लावून घेतलं. म्हणाले, मुद्देमाल चोरणं हा गुन्हा आहे, नमुना बदलणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे, आणि दारू पिणं भिकाचा गुन्हा आहे. माझी पोरं शाळेत आहेत जव्हारला. तुझं काय, तू वाऱ्यावरचा, उद्या उठशील आणि निघशील, मागे आम्ही खडी फोडू.

मग फौजदारांकडे गेलो. डेरा दाखवून म्हणालो, याच्यात पाणी आहे, बघा. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटून विचार केल्यासारखं केलं. "नाटकवाल्या, उन्हाळ्यात दारू उडून जाते. उरतं पाणी. विज्ञान आहे ते." बाकीच्यांना हसू आलं. मग आवाज बदलून म्हणाले, कागद जव्हारला गेला आहे. सरकार एवढा खर्च करून यंत्रं आणतं ते शिपायाने खोटं पाडावं म्हणून नाही.

भिकाला विचारलं, तू येशील का माझ्याबरोबर सांगायला. तो झाडत होता. म्हणाला, "मी काय सांगू? मी पिला, एवढाच सांगता येल. चांगली होती."

२३ जुलै, जव्हार

आज निकाल. बेकायदा दारू देऊन निष्काळजीपणाने माणूस मारला, असा आरोप. मी स्वतःहून आलो, भिजत, ओढे ओलांडून. ठरवून आलो होतो की उभं राहायचं आणि सांगायचं. वाटभर वाक्यं म्हणून बघितली. साहेब, मी पुंजा, ती बाटली मी नेली होती.

कोंडीला वकील नव्हता. शिपायाने तिला सांगून ठेवलं होतं की कबूल केलंस तर कमी होईल. तिला पुढे बोलावलं तेव्हा माझं लक्ष वर गेलं. तुळईला पाकोळ्यांचं घरटं होतं, पिल्लं तोंडं बाहेर काढून होती, आणि आई भिजलेली येऊन एकेकाला भरवत होती. किती वेळ बघितलं ठाऊक नाही. खाली पाहिलं तर मॅजिस्ट्रेटसाहेब विचारत होते, गुन्हा कबूल आहे?

कोंडी म्हणाली, "यंत्रानं सांगितला ना. मंग हाय कबूल."

मी उठलो. पट्टेवाला म्हणाला, खाली बस. मी बसलो.

घरट्याकडे बघत होतो म्हणून राहून गेलं, की राहून जावं म्हणून बघत होतो? हे स्वतःलाही नीट विचारवत नाही.

दीड वर्ष. कागदावर तिचा अंगठा घेतला. शाई पुसायला तिने इकडेतिकडे पाहिलं, काही मिळेना, मग केसांत पुसली. बाहेर नेताना मला पाहून थांबली. सुकरीला सांग, असं काहीतरी म्हणाली, पण शिपायाने ओढलं आणि काय सांगायचं ते राहिलंच.

२४ जुलै

वाटेत मुद्दाम सूर्यमाळवरून आलो. सुकरी मावशीच्या अंगणात चिखलाची भांडी करत होती. मी म्हणालो, आयस येईल. कधी, म्हणाली. मी म्हणालो, लवकर. यापुढे मी कुणाला काही सांगू नये.

मावशीने विचारलं, खरंच का कोंडीने आपल्या भावाला मारलं? पाड्यावर आता सगळे तसंच म्हणतात. भगतसुद्धा म्हणतो, मला तांदळात आधीच दिसलं होतं.

२ ऑगस्ट

जेवण जात नाही. दवाखान्यात येणाऱ्यांना मी औषधाच्या बाटल्या देतो आणि प्रत्येक बुचाकडे बघत बसतो. कंपाउंडर चांगले वागतात, चहा देतात. आज म्हणाले, तुला कायम करण्यासाठी शिफारस लिहितो. मुकादम गावात भेटला, त्याने रामराम केला. तेच बूट.

ज्या रात्री कधी नव्हे ती झोप लागते तेव्हा स्वप्नात मी बाटली भरत असतो, आणि डबकं संपत नाही.

९ ऑगस्ट

पिशवी भरली. घोटीकडे भातलावणी अजून चालू आहे म्हणतात, तिथून पुढे बघू. कंपाउंडर म्हणाले तसंच झालं, वाऱ्यावरचा उठला आणि निघाला. ही वही बरोबर न्यावी की चुलीत घालावी, एवढंच ठरायचं होतं, म्हणून उघडून बसलो.

तेवढ्यात भिका आला. इरल्यातून पाणी गळतंय, आणि कधी नव्हे तो धापा टाकतोय. म्हणाला, मुंबईचा एक म्हातारा आलाय. मोटार खोडाळ्याला चिखलात अडकली, तिथून चालत आला, चपला हातात धरून. चष्म्यावर भिंग लावतो. मी विचारलं, इथे कशाला?

भिका म्हणाला, त्याच्याजवळ आपली क्विनीनची बाटली आहे. ती टेबलावर ठेवलीय आणि फौजदारांना दाखवतोय की आत मेलेला डास आहे. बाहेरून शिरलेला नाही म्हणतो, लाख काढायच्या आधीच आत दिसला होता, म्हणजे आतच जन्मला. ज्या पाण्यात डास जन्मतो त्या पाण्यात माणसाचं काळीज ठेवलं असतं तर सडलं असतं, ते तर शाबूत आलं. मग काळीज कशात ठेवलं होतं? कंपाउंडर घामाघूम झालेत.

मी म्हणालो, मागच्या दाराने ओढ्यापर्यंत वाट मोकळी आहे का?

भिका आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, अंगठा काळा झालेला. "काढून ठेवलेल्या लाखेवर शिक्का नाय म्हणतो, कुणाचा तरी अंगठा उमटलाय. सगळ्यांचे घेतोय. फौजदाराचापण घेतला. आता बाटली कुणी नेली ते विचारतोय."

मी म्हणालो, त्याला सांग, पुंजा सही करतो.

"सांगितला मी," भिका म्हणाला. "सही नको म्हणतो."

तो दारात उभा आहे, मी हे लिहितो आहे. अंगठ्याची कातडी केव्हाच नवी आली. दिव्याजवळ धरून पाहिली. रेघा त्याच आहेत.